तिचं एक, माझं एक

२० मार्च, गुरुवार

स्वरदाची दहावीची परीक्षा संपली. अकरापर्यंत झोपली. उठल्यावर कानात ते पांढरे बोळे घालून बसली. चहा घे म्हटलं तर बोट वर केलं. म्हणजे थांब. आईला बोट.

दुपारी नलूताईंचा फोन. ह्यांची मोठी बहीण, नागपूरला राहतात. म्हणाल्या, "पोरीले अकरावीले माह्याकडे पाठव. क्लास घराच्या खालीच आहे. तुमच्या सिंदीत काय ठेवलं आहे?" मी म्हटलं, स्वरदाच ठरवेल. तिच्यावर सोडलं आहे, कारण ती जाणार नाही. वर्ध्याला कॉलेज आहे, जायला पॅसेंजर आहे, डबा मी देईन. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने आहोत. लोकही तसंच म्हणतात.

संध्याकाळी तिला विचारलं, नागपूरचं काय? म्हणाली, पाहू. पाहू म्हणजे नाही. मी तिला ओळखते.

२२ मार्च, शनिवार

ह्यांच्या जागेवर मी शाळेत अनुकंपावर लागले. हे बाबू होते, मी शिपाई. शिक्षण दहावीपर्यंतच, म्हणून. पण वाचनाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे आणि दोन वर्षांत त्यातलं सगळं वाचून झालं आहे, शेतीचं आणि योगासनांचं सुद्धा.

आज पेपरच्या पुरवणीत लेख सापडला. 'किशोरवयीन मुलांशी संगीतातून मैत्री.' पुण्याच्या एका डॉक्टर मॅडमनी लिहिला आहे. रोज अर्धा तास बसायचं. मुलाचं एक गाणं ऐकायचं, आपलं एक ऐकवायचं. टीका करायची नाही. तीन आठवड्यांत फरक दिसतो. लेख कापून आणला. शाळेचा पेपर होता, पण मागच्या बाजूला नुसती जाहिरात होती.

सोमवारपासून उपक्रम सुरू. तीन आठवडे म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत स्वरदा स्वतःहून म्हणेल, आई, मी इथंच राहते.

अडचण एकच. माझं आवडतं गाणं कोणतं ते ठरवायचं आहे. घरात गाणं हे खातं ह्यांच्याकडे होतं. खंजरी भजन मंडळात होते. मी वाचत असे. उद्या रविवार आहे, ठरवते.

२३ मार्च, रविवार

ठरवलं. भावगीत. चांदण्यांचं एक रेडिओवर लागतं ते. पुस्तकांतल्या बायकांना भावगीतं आवडतात.

स्वरदाला उपक्रम समजावून सांगितला. म्हणाली, "काऊन?" मी लेख वाचून दाखवला. म्हणाली, "बरं, एका अटीवर. 'बाबा असते तर' म्हणायचं नाई." मी म्हटलं, मी कधी म्हणते? म्हणाली, "आज सकाळपासून तिसऱ्यांदा झालं." हे काही खरं नाही. एकदा मी फक्त म्हटलं की बाबा असते तर पंख्याला तेल घातलं असतं. ते पंख्याबद्दल होतं.

अट मान्य केली.

२४ मार्च, सोमवार

पहिला दिवस उत्तम.

आधी तिचं गाणं. कोरियातलं निघालं. मोबाइलवर दाखवलं. पोरं आहेत की पोरी ते शेवटपर्यंत कळलं नाही. टीका केली नाही. फक्त विचारलं की जेवत नाहीत का, केस असे गुलालात बुडवल्यासारखे कशाने होतात, आणि यांच्या आया काय म्हणत असतील. म्हणाली, "हे टीका आहे." मी म्हटलं, ही चौकशी आहे. लेखात चौकशीला बंदी नाही.

मग विचारलं, तुला शब्द कळतात का? नाही म्हणाली. मग ऐकते काऊन? म्हणाली, "म्हणूनच."

मग माझं भावगीत लावलं. विचारलं तिनं, हे कधीपासून आवडतं तुले? मी म्हटलं, लहानपणापासून. कोण गाते हे? मी पाणी प्यायला उठले.

२८ मार्च, शुक्रवार

प्रगती आहे. तिची गाणी सगळी सारखीच वाटतात, पण एक मला आता ओळखता येतं. मध्ये शिट्टी आहे त्यात. तेच ती दिवसभर ऐकते, न्हाणीत तेच गुणगुणते. शिट्टी आली की मी मान हलवते. आज शिट्टीच्या आधीच मान हलवली. ती म्हणाली, "आई, तू नको हलवू." तिला बरं वाटलं असावं.

माझ्या भावगीताच्या वेळी ती मोबाइलमध्ये होती. भावगीत असंच ऐकायचं असतं, मागे सुरू ठेवून.

२ एप्रिल, बुधवार

वर्ध्याला जाऊन ब्लूटूथ स्पीकर आणला. घरी येऊन लावला. तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि गाणं सुरू झालं. अगदी स्पष्ट मराठी. पेरणी, पीक, भरलेली कोठी. मी डोळे मिटून ऐकलं आणि स्वरदाला म्हटलं, बघ, हे तुझं गाणं मला मनापासून आवडलं. शब्द कळतात, आशय आहे. गाणं संपल्यावर आवाज आला, हेच बियाणं मागून घ्या, जवळच्या कृषी केंद्रात उपलब्ध. स्पीकर शेजारच्या सुमित्राबाईंच्या मुलाच्या मोबाइलला जोडला गेला होता.

स्वरदा हसली. भिंतीला टेकून, पोट धरून. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्यावर हसली, पण हसली.

स्पीकर वसूल.

९ एप्रिल, बुधवार

कूलर बसवला. कूलर चालू असला की गाणं ऐकू येत नाही आणि गाणं ऐकायचं तर कूलर बंद. अर्धा तास दोघी घामाने निथळून बसतो. तिनं विचारलं, हे अजून किती दिवस आहे? मी म्हटलं, मैत्रीला मुदत नसते. म्हणाली, "मग पंधरा मिनिटं कर." नाही म्हटलं. लेखात अर्धा तास आहे.

सुमित्राबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वो सुनीती, तुमच्या घरी रोज सायंकाळी बँड कायचा वाजून राह्यला?" मी म्हटलं, आम्ही मायलेकी संगीत ऐकतो. म्हणाल्या, "मायलेकी? पोरगी तर मागच्या दारात बसून राह्यते." तेव्हा स्वरदा तिच्या गाण्याची पाळी संपवून हवेला बसली होती. लोकांना अर्धवट दिसतं.

११ एप्रिल, शुक्रवार

भावगीतं संपली. तशी चारच येत होती. म्हणून आज ह्यांचं भजन म्हटलं. ते नेहमी म्हणत ते, खंजरीवरचं. खंजरी खिळ्यावरून काढली, हातावर दोन थापा मारल्या. दुसरी ओळ आठवली नाही तिथं पहिलीच परत घेतली.

स्वरदा उठून उभी राहिली. म्हणाली, "हे तुह्यं नाई. हे बाबांचं आहे. तुह्यं लाव."

मी म्हटलं, बाबांचं ते माझंच. म्हणाली, "बाबा गायले बसले का तू टीव्हीचा आवाज वाढवायची."

हे साफ चुकीचं आहे. मालिकेची वेळ तीच होती.

खंजरी माझ्या हातातून घेऊन तिनं खिळ्याला लावली आणि खोलीचं दार लावून घेतलं. कूलर सुरू केला. आज उपक्रम दहाच मिनिटं झाला. उरलेली वीस उद्या भरून काढू.

१४ एप्रिल, सोमवार

भरून काढता आली नाहीत. दार बंद.

तीन आठवडे झाले. लेख पुन्हा वाचला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं आहे की काही मुलांना अधिक काळ लागू शकतो. हे वरती लिहायला पाहिजे होतं.

नलूताई येऊन गेल्या. स्वरदासाठी कॉलेजची बॅग आणली. अजून कॉलेज ठरलं नाही आणि बॅग. मी म्हटलं, ताई, कशाला घाई? म्हणाल्या, "बॅग का वर्ध्याले चालत नाई?" बोलायला या बाईचा हात कोणी धरणार नाही. दोन तास होत्या, स्वरदाशी चार वाक्यं बोलल्या असतील. जेव बाई, घे बाई, चाल बाई, येजो बाई. हिच्याकडे मुलगी पाठवायची? संवादच नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सुचलं. सकाळी शाळेची घंटा देताना सुचलं, त्यामुळे घंटा थोडी जास्त वाजली.

२७ तारखेला ह्यांची दुसरी पुण्यतिथी. मंडळ येणारच आहे. आणि आपल्याकडे मंडळं काय करतात? सिनेमाच्या गाण्याची चाल घेतात आणि त्यावर देवाचे शब्द बसवतात. ह्यांनी स्वतः कितीतरी बसवली. खंजरीच्या स्पर्धेत अशाच एका चालीवर ढाल आणली होती. मग शिट्टीच्या गाण्यावर भजन का नको? चाल तिची, शब्द बाबांचे. तिचं एक, माझं एक, दोन्ही एकाच वेळी. पुण्याच्या मॅडमलाही हे सुचलेलं नाही.

स्वरदा न्हाणीत असताना तिच्या मोबाइलवर गाणं लावून माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मध्ये बादलीचा आवाज आला आहे, पण चाल कळते.

अण्णाजींकडे गेले. मंडळाचे प्रमुख तेच. त्यांनी दोनदा ऐकलं. "सूनबाई, हे कोन्या गावचं आहे?" कोरियाचं म्हटलं. म्हणाले, "असू दे. ठेका सोपा आहे. श्रीनिवास असता तर त्यानं एका दमात बसवलं असतं." मग थांबून विचारलं, "पोरीले सांगितलं का?" मी म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाले, "आवडन ना तिले?"

मी म्हटलं, अण्णाजी, आई आहे मी तिची.

२१ एप्रिल, सोमवार

अण्णाजींच्या ओट्यावर तालीम. शब्द छान बसले. शिट्टीची पंचाईत झाली. मंडळात वाजवण्याजोगे दात कोणाचेच नाहीत. पण रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब आहेत, त्यांची शिट्टी घरीच होती. ती बसली. जरा जोरात लागते, पण बसली.

घरी आल्यावर स्वरदाने विचारलं, कुठं गेली होती? मी गूढ हसले. म्हणाली, "तुले बरं नाई का?"

२४ एप्रिल, गुरुवार

आज दार तिनं स्वतः उघडलं. माझ्याजवळ येऊन बसली. मी कांदे चिरत होते, सुरी खाली ठेवली नाही, उगाच हलायला नको म्हणून.

म्हणाली, "आई, बाबांचं साधं करू ना यावर्षी? मागच्या वर्षी भोंगा लावला, सारं गाव आलं. मले रडता पण आलं नाई. सारे पाहत होते. फक्त आपण दोघी बसू. आत्या आली तर आत्या."

मी म्हटलं, साधंच आहे. (भोंगा सोमवारीच सांगून ठेवला होता. पैसेही दिलेले.)

मग म्हणाली, "नागपूरचं मी अजून हो म्हटलं नाई. इथूनच जाणं-येणं जमते का पाहून राह्यली मी. पॅसेंजरच्या वेळा पाहिल्या." एवढं बोलून उठली. जाताना चिरलेल्यातली एक फोड तोंडात टाकून गेली. कच्चा कांदा खायची ह्यांची सवय तिला आहे. मी 'बाबा' हा शब्दही काढला नाही.

राहणार ती. आता रविवारचं भजन झालं की शिक्कामोर्तब.

२७ एप्रिल, रविवार, सकाळी ७

मंडप तयार. फोटोला हार घातला. मंडळ नऊला येईल. स्वरदाने भोंगा पाहिला. दहा वाजता कळेलच तिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सगळं फार सुंदर झालं. काही गोष्टी वेगळ्या झाल्या.

आधी मंडळाने ह्यांची दोन भजनं म्हटली. स्वरदा ट्रे घेऊन सरबत देत होती. मग अण्णाजी माइकवर म्हणाले, "आता आपल्या श्रीनिवासच्या लेकीच्या आवडीचं, तिच्या आईनं खास सांगितलेलं, थेट कोरियाहून." आणि खंजऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या ओळीला गार्डसाहेबांनी शिट्टी मारली. रस्त्यावरचा एक ऑटो थांबला.

लोकांना अतिशय आवडलं. टाळ्या धरल्या. फाटकाशी स्वरदाची मैत्रीण काजल आणि दोन मुली उभ्या होत्या, त्यांनी तर मोबाइलवर घेतलं. वन्स मोअर झाला.

स्वरदा मंडपाच्या मधोमध उभी होती. ट्रे जमिनीवर ठेवला. नीट ठेवला, एक पेला सांडला नाही. घरात गेली आणि आतून कडी लावली. तिला भरून आलं होतं. पाहुण्यांनाही मी तेच सांगितलं.

नलूताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुनीती, हे काय केलं तू?" मी म्हटलं, अहो, मैत्री. त्या दाराशी जाऊन बसल्या. खुर्ची नाही, काही नाही, फरशीवर. बोलल्या काहीच नाहीत. जेवायला वाढलं तरी उठल्या नाहीत. पाहुणचार मी एकटीने केला, हे नमूद करते.

२८ एप्रिल, सोमवार

स्वरदा बाहेर आली. डोळे सुजलेले. काजलने व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. तिथून सगळीकडे. पोरं शिट्ट्या मारतात म्हणे. 'कोरियन भजन' असं नाव पडलं आहे.

मी म्हटलं, लोक हसतात आणि विसरतात. म्हणाली, "लोकांचं जाऊ दे."

मग बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्याचा नीट अर्थ लागला नाही. म्हणाली, "या घरात साऱ्यात बाबा आहेत. खिळ्यावर बाबा, पंख्यात बाबा, कांद्यात बाबा. शाळेत गेली का त्यांच्या खुर्चीवर दुसरा बाबू. त्या एका गाण्यात बाबा नव्हते. तेवढ्या तीन मिनिटांत मले काई आठवत नव्हतं. तू तिथं पण आणून बसवले त्यांना."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, बाबा असते तर त्यांना फार आवडलं असतं.

ती उठली. मग आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं होतं.

वय असं असतं. आठवड्यात निवळेल.

५ मे, सोमवार

आठवडा झाला. कानातले बोळे टेबलावर पडून आहेत. गाणं नाही, न्हाणीत गुणगुणणं नाही. विचारलेल्याला उत्तर देते. मीठ दे म्हटलं की मीठ देते.

सुमित्राबाई म्हणाल्या, "पोरगी सुधारली तुमची. आता कानात काई नसते." मी हो म्हटलं.

घरात कूलरचा आवाज तेवढा आहे. इतका मोठा कधी वाटला नव्हता.

८ मे, गुरुवार

चूक कोणाची, यावर शांतपणे विचार केला. पद्धत बरोबर होती, गाणं चुकलं. त्या शिट्टीच्या गाण्याऐवजी दुसरं घ्यायला हवं होतं.

आज तिच्या खोलीबाहेर उभी राहून म्हटलं, दुसरं एखादं निवड, त्यात मी काही बसवणार नाही. आतून म्हणाली, "आई, माह्यापाशी आता काई नाई. तू जाय."

१३ मे, मंगळवार

निकाल. स्वरदाला चौऱ्याऐंशी टक्के. तिनं पहिला फोन नलूताईंना केला. माझा फोन लागत नसावा. मी स्वयंपाकघरात होते.

पेढे आणले. एक खाल्ला तिनं. मी विचारलं, मग वर्ध्याचं कॉलेज? म्हणाली, "आत्याकडे जाते मी." असं साधं, पाणी आणते म्हणावं तसं.

मी म्हटलं, पॅसेंजरच्या वेळा पाहिल्या होत्यास ना? म्हणाली, "पाहिल्या होत्या."

१४ मे, बुधवार

नलूताईंवर माझा राग नाही. पण मनुष्याने दुसऱ्याची मुलगी बॅग देऊन फिरवू नये. फोनवर तसं बोलले. त्या म्हणाल्या, "बॅगीनं फिरते का कोणी, सुनीती?" मी फोन ठेवला. पुन्हा लावला आणि सांगितलं की तिला वांगं आवडत नाही, भरलेलं असेल तर खाते. मग परत ठेवला.

दोनच वर्षांचा प्रश्न आहे. शनिवार-रविवार ती येईल. शिवाय अंतर असलं की मैत्री वाढते, असंही कुठेतरी वाचलं आहे.

१५ जून, रविवार

स्वरदाला पॅसेंजरवर बसवलं. गाडी लेट होती, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर भरपूर वेळ मिळाला. मी मोबाइलमध्ये गाण्यांची यादी करून नेली होती, एक तिच्या पद्धतीचं, एक माझं. म्हटलं, गाडी येईपर्यंत ऐकू. म्हणाली, "आई, नको ना." बाकावर दोघी बसून राहिलो. पलीकडे मालगाडी उभी होती. ती डबे मोजत होती की काय कोण जाणे, तिकडेच पाहत होती.

गाडी आली. चढताना वाकून पाया पडली. मी म्हटलं, रोज सातला फोन करीन, अर्धा तास. ती खिडकीतून काहीतरी बोलली. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. हो म्हणाली असणार.

घरी आले. सातला स्पीकर लावून पाहिला. चालतो.

३० जून, सोमवार

फोनवर उपक्रम सुरू आहे. मी मोबाइल स्पीकरजवळ धरते म्हणजे तिला स्वच्छ ऐकू जातं. सोमवारी तिनं पूर्ण ऐकलं. मंगळवारी म्हणाली, आवाज येत नाई. मी मोठा केला. सुमित्राबाई कुंपणावर आल्या. बुधवारपासून सातला तिचा क्लास असतो. मी आठला केला तर आठला अभ्यास. नऊला केला तर नलूताई म्हणाल्या, झोपली.

दोन शनिवार-रविवारपैकी ती एकाही वेळी आली नाही. पहिल्यांदा टेस्ट होती. दुसऱ्यांदा कारण सांगितलं नाही, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार.

अभ्यासात चांगलीच रमली आहे.

६ जुलै, रविवार

फोन नलूताईंनी उचलला. मी म्हटलं, स्वरदा उचलत नाही हल्ली. म्हणाल्या, "खरं सांगू का, राग नको येऊ देजो. तू फोन केला का गाणं लावते. म्हणून ती उचलत नाई."

मी म्हटलं, तुमच्याकडे काय करते संध्याकाळी? म्हणाल्या, "काई नाई वो. ते तिचं काहीतरी वाजत राह्यते, मी भाजी निवडते. मले का समजते त्यातलं."

वाजत राहते म्हणाल्या.

मी विचारलं, परत ऐकायला लागली? कधीपासून? त्यात मध्ये शिट्टी आहे का? नलूताई म्हणाल्या, "मी नाई विचारलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, माझं काही विचारते का? म्हणाल्या, "विचारते ना. आई जेवली का, म्हणून रोज विचारते मले. मी म्हणते तूच विचार."

नलूताईंकडे पद्धत म्हणून काहीच नाही. ना वेळ ठरलेली, ना पाळी, ना चौकशी. अशाने मैत्री कशी होते ते लेखात कुठंच दिलेलं नाही. लेख काढून पुन्हा पाहिला. मागची जाहिरात गुडघेदुखीच्या तेलाची आहे.

ठरवलं. उद्यापासून फोनवर गाणं नाही. फक्त जेवलीस का. हे मला जमेल.

७ जुलै, सोमवार

सहाला फोन केला. स्वरदाने उचलला. स्पीकर मी आधीच कपाटात ठेवला होता.

जेवलीस का म्हटलं. हो म्हणाली. काय होतं? वांगं, भरलेलं. तू? मी म्हटलं, माझं व्हायचं आहे. म्हणाली, "जेवून घे." मी बरं म्हटलं.

पुढे मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. पण फोन ठेवला नाही तिनं. मीही ठेवला नाही. तिकडून बारीक काहीतरी ऐकू येत होतं, एका लयीत, मध्येच वाढायचं, मध्येच कमी व्हायचं. मी कोणतं म्हणून विचारलं नाही. मान हलवली नाही. कूलर बंद केला आणि अंधार पडेपर्यंत ऐकत बसले. इतका वेळ दोघींनी एकत्र कधी काही ऐकलं नव्हतं. वाटलं, जमलं.

मग तिकडून नलूताईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून. मी हळूच म्हटलं, ताई, मी सुनीती. आम्ही दोघी ऐकतोय.

म्हणाल्या, "अवं, ती तर केव्हाचीच क्लासले गेली. फोन चार्जिंगले लावून गेली. थांब, मिक्सर बंद करते, तुह्यं काई समजून नाई राह्यलं."

मिक्सर बंद झाला.

मी विचारलं, जेवून गेली ना ती? हो म्हणाल्या, दोन वांगी खाल्ली.

बरं म्हटलं आणि फोन ठेवला.